पेशीकेंद्रकावर संशोधन करायचं आहे: वडगावच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी बेळगावच्या वडगावातली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी यंत्रमाग. पेशीचं केंद्रक आतून कसं रचलेलं असतं यावर पुढे संशोधन करायचं तिच्या मनात आहे. ती विचारते: या वाटेवर किती वर्षं जातात, त्यात पोट भरतं का, आणि बेळगावातून सुरुवात केलेल्या मुलीला मोठ्या संस्थांमध्ये कुणी विचारतं का? शेवटी तिने वडिलांचा प्रश्नही लिहिलाय, ‘त्या केंद्रकात बघण्यासारखं एवढं आहे तरी काय?’

मी खानापूरची. वडील कौलांच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. बी.एस्सी. बेळगावात, एम.एस्सी. धारवाडला, पीएच्.डी. हैदराबादला, पुढची साडेचार वर्षं युरोपात आणि त्यानंतर पुन्हा भारतात. गेली पंचवीस वर्षं मी याच विषयात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात तुझ्या बाबांच्या प्रश्नापासून करते. त्याचं उत्तर त्यांना पटलं नाही, तर पुढची दहा-बारा वर्षं तुला घरात दर दिवाळीला तेच उत्तर द्यावं लागेल.

त्यांना हे मागाच्या भाषेत सांग. माणसाच्या एका पेशीतला डीएनए उलगडून सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात बसतो, त्याची रुंदी मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या पाच ते दहा भागांइतकी. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर केंद्रक फूटभर रुंदीच्या घागरीएवढं मोठं कर. त्याच प्रमाणात धागा शंभर किलोमीटर होतो. म्हणजे वडगावातून सोडलेला धागा निपाणी ओलांडून कागलच्या आसपास पोचेल, आणि त्याची जाडी असेल मिलिमीटरचा दहावा भाग. हा धागा ४६ तुकड्यांत आहे, त्या एकेका तुकड्याला गुणसूत्र म्हणतात. तो घागरीत भरायचा, गुंता होऊ द्यायचा नाही, आणि त्यातला नेमका हवा तो वीतभर भाग हवा तेव्हा वर काढता आला पाहिजे. पेशी दुभंगताना या सगळ्याची दुसरी प्रत काढून दोन घागरींत सारखी वाटायची. ज्याने आयुष्यभर कांड्या भरल्या, तुटलेला ताणा जोडला, त्याला यातली अडचण कुठल्याही प्राध्यापकापेक्षा लवकर कळेल.

पेशीने यावर काढलेला पहिला उपाय म्हणजे रीळ. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गोळा, त्याभोवती डीएनएचे पावणेदोनच्या आसपास वेढे, एका रिळावर डीएनएच्या रासायनिक अक्षरांच्या १४७ जोड्या. याला न्यूक्लिओसोम म्हणतात. हे तू पुस्तकात वाचलंच असशील. पण पुस्तकं बहुधा इथेच थांबतात, आणि आमचा विषय इथे सुरू होतो. रिळं भरली, आता ती ठेवायची कुठे? कुठलं भिंतीला लागून, कुठलं मधोमध, कुठलं कुणाच्या शेजारी?

फार काळ समज असा होता की पेशी दुभंगत नसते तेव्हा सगळी गुणसूत्रं केंद्रकात शेवयांसारखी एकमेकांत पसरलेली असतात. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये आणि थिओडोर बोव्हेरी यांनी १९०९ मध्ये वेगळं म्हटलं होतं: प्रत्येक गुणसूत्र आपापली जागा धरून असतं. ते मागे पडलं होतं. १९७० च्या दशकात जर्मनीतल्या दोन भावांनी ते पुन्हा तपासायला घेतलं. थोमास क्रेमर वैद्यकाचे, ख्रिस्टोफ क्रेमर भौतिकशास्त्राचे. त्यांची युक्ती मला आजही या विषयातली सगळ्यात सुंदर युक्ती वाटते. अतिनील लेसरचा बारीक झोत केंद्रकाच्या एकाच ठिपक्यावर टाकायचा. गुणसूत्रं शेवयांसारखी पसरलेली असतील तर त्या ठिपक्यात जवळजवळ सगळ्यांचा थोडा थोडा भाग येईल आणि सगळ्यांना थोडी थोडी इजा होईल. प्रत्येकाची जागा वेगळी असेल तर दोन-चारच गुणसूत्रं दुखावतील. दोन-चारच दुखावली. पुढे १९८० च्या दशकात एकेका गुणसूत्राला रंग देऊन पाहता येऊ लागलं, तेव्हा ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसलं.

मग पुढचा प्रश्न. जागा ठरलेली आहे म्हणजे काय? माणसाचं १८ वं आणि १९ वं गुणसूत्र घे. लांबीत फार मोठा फरक नाही. पण १९ व्यावर जनुकांची दाटी आहे आणि १८ वं त्या मानाने ओसाड. एडिंबराच्या वेंडी बिकमोर यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं की पांढऱ्या रक्तपेशींत १९ वं केंद्रकाच्या मध्याकडे आणि १८ वं कडेला बसतं. कडेला काय असतं? तिथे लॅमिन नावाच्या प्रथिनांचं जाळं असतं, केंद्रकाच्या आवरणाला आतून लावलेल्या अस्तरासारखं. त्या अस्तराला चिकटलेली जनुकं बहुतेक वेळा निजलेली, म्हणजे बंद, असतात.

बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. उंदराच्या डोळ्यात अंधारात पाहण्याच्या ज्या पेशी आहेत, त्यांच्या केंद्रकात हा क्रम चक्क उलटा आहे. निजलेला दाट भाग मधोमध आणि जागी जनुकं असलेला भाग कडेला. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मी प्रयोगशाळेत उभ्याउभ्या तो लेख वाचून काढला होता. दिवसा वावरणाऱ्या प्राण्यांत ती मांडणी नेहमीची, रात्री वावरणाऱ्यांत उलटी. आणि मधला तो दाट गोळा बारीक भिंगासारखा उजेड पुढे सरकवतो. डोळ्यापर्यंत आलेला प्रकाशाचा एकेक कण वाया जाऊ नये म्हणून केंद्रकाचं घर उलटं लावलेलं. बाबांना हे नक्की सांग.

आणि हे अस्तर बिघडलं तर काय होतं, तेही सांग. लॅमिन-ए च्या जनुकात एका अक्षराचा बदल झाला की प्रोजेरिया होतो. मूल दीड-दोन वर्षांचं असताना लक्षणं दिसू लागतात, केस जातात, रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसाच्या होतात. उपचार नसतील तर सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांचं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या मुलांच्या पेशींची केंद्रकं फुगवटे आलेली, चेपलेली दिसतात. या आजाराचं कारण २००३ मध्ये सापडलं, पहिल्या औषधाला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. बघण्यासारखं काय आहे, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

आता वाटेविषयी.

आधी एक गैरसमज काढून टाक, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ मुलांचा तो असतो: केंद्रकावर काम करायचं तर पीएच्.डी. केंद्रकावरच मिळायला हवी. टॉम मिस्टेली हे या विषयातलं आजचं मोठं नाव. स्वित्झर्लंडचे. लंडनमध्ये त्यांची पीएच्.डी. झाली ती गॉल्जी या पेशीतल्या, पण केंद्रकाबाहेरच्या अंगकावर. केंद्रकाकडे ते वळले त्यानंतर, अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला डेव्हिड स्पेक्टर यांच्याकडे गेल्यावर. जिवंत पेशीत केंद्रकातली प्रथिनं कशी हलतात हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि १९९९ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत आहेत. सुझन गॅसर यांची पीएच्.डी. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला झाली, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियात प्रथिनं शिरतात कशी यावर. गुणसूत्रांकडे त्या नंतर आल्या, आणि यीस्टच्या केंद्रकात निजलेली जनुकं कडेला का धरली जातात हे त्यांच्या गटाने वर्षानुवर्षं उलगडलं. २००४ ते २०१९ त्या बाझेलच्या फ्रीड्रिश मीशर संस्थेच्या संचालक होत्या. ख्रिस्टोफ क्रेमर तर भौतिकशास्त्रातलेच. आपल्याकडे जी. व्ही. शिवशंकर भौतिकशास्त्रातून आले आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत केंद्रकावर ताण पडला की आतली रचना कशी बदलते याकडे वळले.

या सगळ्यांनी पीएच्.डी.त विषयापेक्षा काम करायची पद्धत उचलली: प्रश्न नीट विचारायचा, नीट पाहायचं आणि पाहिलेलं मोजायचं. तुझ्या निवडीत मी याच गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देईन. कडक, प्रामाणिक गुरू आणि थोडा लांबचा विषय मिळाला तर घे. आवडता विषय आणि बेफिकीर गुरू मिळाला तर सोड.

हे मी कशावरून म्हणते, ते सांगते. पीएच्.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझा प्रश्न होता की लॅमिन बिघडवला तर गुणसूत्राची केंद्रकातली जागा बदलते का. बिघडवलेल्या पेशींत माझं गुणसूत्र कडेला सरकलेलं दिसलं. फोटो इतके देखणे होते की प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिले. आठ महिने मी त्यावर काम वाढवत नेलं. मग समितीपुढे एका ज्येष्ठ बाईंनी साधं विचारलं, ‘दोन्ही काचा एकाच दिवशी केल्या होत्यास का?’ नव्हत्या केल्या. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या साध्या पेशींच्या काचा मी सकाळी करायची आणि बिघडवलेल्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, पंख्याखाली. पेशी जशाच्या तशा टिकवणाऱ्या रसायनात बुडवण्याआधी या दुसऱ्या काचा थोड्या सुकायच्या. सुकलेलं केंद्रक भाकरीसारखं पसरतं, चपटं होतं, आणि चपट्या केंद्रकात मधलं काय आणि कडेचं काय याचा हिशेबच बदलतो. दोन्ही काचा एकत्र, ओल्या ठेवून केल्या. मैत्रिणीने लेबलं झाकून नुसते आकडे टाकले. प्रत्येक काचेवरची दोनशे केंद्रकं मी कुठली काच कुठल्या पेशींची आहे हे माहीत नसताना मोजली. फरक उरला नाही.

त्या दिवशी मी वसतिगृहावर जाऊन रडले. पण गुरूंनी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, की हे आपल्याला छापण्याआधी कळलं. त्यांनी घाई केली असती, तो देखणा फोटो पाठवायला लावला असता, तर माझी पुढची वर्षं चुकीच्या पायावर गेली असती. म्हणून गुरू निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: यांच्याकडे चुकलेला प्रयोग घेऊन जाता येतं का? हे संकेतस्थळावर कळत नाही. तिथे आधी शिकून गेलेल्यांना फोन करून विचारावं लागतं. किती जणांनी पदवी पूर्ण केली, किती वर्षांत, किती मधेच सोडून गेले, आज कुठे आहेत. मुलं मोकळेपणाने सांगतात. विचारायचा संकोच करू नकोस.

आता या वाटेच्या पायऱ्या थोडक्यात. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी. दोन वर्षं. धारवाड, कोल्हापूर, गोवा आणि आपलं राणी चन्नम्मा विद्यापीठ ही जवळची दारं. बाहेर पडायचं तर गॅट-बी, आयआयटी जॅम आणि सीयूईटी-पीजी या परीक्षा आहेत. टीआयएफआर या मुंबईच्या मूलभूत संशोधन संस्थेची स्वतंत्र प्रवेश परीक्षा आहे, तिच्यातून एनसीबीएससारख्या ठिकाणी बी.एस्सी.नंतर थेट एकत्रित पीएच्.डी.ला जाता येतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सीएसआयआर-यूजीसी नेट. त्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, मिळाली की ती तुझ्या नावावर असते आणि संस्था निवडताना हात मोकळा राहतो. पीएच्.डी.ला पाच ते सहा वर्षं धर. त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेतलं पुढचं संशोधन, तीन ते पाच. म्हणजे स्वतःची प्रयोगशाळा उभी करायची संधी साधारण तेहतीस ते सदतीस या वयात. तुझ्या काकूंना हा आकडा सांगशील तेव्हा घरात शांतता पसरेल, याची तयारी ठेव. माझ्या आईने विचारलं होतं, ‘एवढं शिकून शेवटी करायलीस तरी काय?’ तिला मी गुणसूत्रांचा रंगीत फोटो दाखवला होता. तो तिने देव्हाऱ्याशेजारी लावला, प्रश्न मात्र मागे घेतला नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू या, कारण आपल्याकडच्या घरांत ते न बोलताच राहतं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी वरची पाठ्यवृत्ती, एसआरएफ, ४२,०००, आणि वसतिगृह मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. पीएच्.डी.नंतर देशातच रिसर्च असोसिएट म्हणून राहिलीस तर ५८,००० ते ६७,०००. विद्यापीठात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, आयसरसारख्या केंद्र सरकारच्या विज्ञानसंस्थांत १,०१,५०० पासून. कागदावर हे वाईट नाही. पण पाठ्यवृत्ती दर महिन्याच्या एक तारखेला येतेच असं नाही. माझी एकदा सात महिने अडकली होती. त्या काळात खानावळीचे पैसे वर्गमैत्रिणीने भरले. म्हणून पहिल्या वर्षात तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला टाकायचा आणि घरी पैसे पाठवायचं वचन लगेच द्यायचं नाही. बाबांना हे आधीच सांग. मागावरच्या माणसाला अडकलेल्या पैशाचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

आणि सगळ्यांना प्रयोगशाळा मिळत नाही, हेही. माझ्याबरोबर पीएच्.डी. केलेल्या अकरा जणांपैकी तिघे स्वतःचा गट चालवतात. एक मैत्रीण मोठ्या संस्थेतलं सूक्ष्मदर्शक केंद्र सांभाळते, आणि मला विचारशील तर आमच्यात सगळ्यात समाधानी तीच आहे. दोघे रुग्णालयांसाठी गुणसूत्रं तपासतात. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगात ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. ती अदलाबदल केंद्रकात रंगीत ठिपक्यांनी ओळखायची, आणि त्यावरून रुग्णाला कुठलं औषध द्यायचं ते ठरतं. आम्ही जे तंत्र गुणसूत्रांच्या जागा पाहायला वापरतो, तेच. पुण्या-बेंगळुरूत अशा प्रयोगशाळांना हात बसलेली माणसं लागतात. पोट भरतं का, या प्रश्नात हेही धर.

बेळगावातून सुरुवात केलेल्याला कुणी विचारतं का? मला विचारलं. पण त्यात नशिबाचा भाग किती होता, तेही सांगायला हवं. मी १९९९ मध्ये हैदराबादला गेले तेव्हा लॅमिन हा फारसा कुणाला माहीत नसलेला विषय होता. तिथल्या सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थेत वीणा परनाईक त्यावर आधीपासून काम करत होत्या, देशात असे लोक मोजकेच. त्याच वर्षी लॅमिन-ए च्या जनुकातल्या दोषामुळे स्नायूंचा एक आनुवंशिक आजार होतो असं प्रसिद्ध झालं. चार वर्षांनी प्रोजेरिया. मी पीएच्.डी. संपवत आले तोवर जगभर त्या अस्तराविषयी विचारणा सुरू झाली होती, आणि मला युरोपातून बोलावणं येणं त्यामुळे सोपं गेलं. मी लॅमिन निवडला तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. आज गर्दी असलेल्या विषयात शिरण्यापेक्षा, ज्यातला प्रश्न तुला झोपू देत नाही तो विषय घे, असं मी मुलांना म्हणते ते यामुळे.

पहिल्या मुलाखतीत मात्र मी अडखळले होते. केंद्रक, गुणसूत्र, पेशीविभाजन या शब्दांतून मी विज्ञान शिकले होते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सगळं एकदम इंग्रजीत आलं आणि पाठांतराने मी ते निभावलं. मुलाखतीत समजावून सांगायची वेळ आली तेव्हा वाक्यच जुळेना. उपाय मला उशिरा सापडला, तुला आत्ताच सांगते. आठवड्याला एक शोधलेख घे. तो तुझ्या बाबांना सांगायचा आहे असं समजून एका पानात मराठीत लिही. मग वही बंद करून तेच इंग्रजीत लिही. मराठीत जिथे वाक्य अडतं, तिथे तुला लेख कळलेला नसतो. इंग्रजीत अडतं, तिथे नुसता शब्द हवा असतो. या दोन अडचणी वेगळ्या आहेत हे कळायला मला एम.एस्सी.ची दोन्ही वर्षं लागली. बाकी भाषांचा बाऊ करू नकोस. घरात मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात इंग्रजी असं आपण लहानपणापासून करत आलोय. हैदराबादला तेलुगू कानावर पडली तेव्हा मी सगळ्यांत आधी रुळले.

आता तुझ्या हातात आज काय आहे, ते. यातच खरी मजा आहे.

केंद्रकाचे थर थर पाहायला लागणाऱ्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची किंमत कोटीच्या घरात जाते. तो तुझ्या कॉलेजात नसेल, नसू दे. केंद्रकाला नाव मिळालं ते रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये साध्या भिंगाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या आमरीच्या पेशींवरून. आमरी म्हणजे ऑर्किड. आपल्या जांबोटी-खानापूरच्या रानात पावसाच्या तोंडाला झाडांवरून जी सीतेची वेणी लोंबते, ती त्याच कुळातली. गळून पडलेल्या पानाची साल काढून पाण्याच्या थेंबात ठेव आणि बघ. मी आजही सुट्टीत घरी आले की बघते.

दुसरं, संगणक. आजचा अर्धा विषय संगणकावर चालतो. २००९ मध्ये हाय-सी नावाची पद्धत आली: केंद्रकात जे भाग जवळ आहेत त्यांना चिकटवायचं, तोडायचं, वाचायचं, आणि कोण कुणाच्या शेजारी होतं याचा नकाशा गणिताने काढायचा. त्या नकाशांची, केंद्रकांच्या हजारो फोटोंची माहिती आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते. अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘फोर-डी न्यूक्लिओम’ प्रकल्पाची माहिती खुली आहे. फोटो मोजायला फिजी नावाची प्रणाली आहे, तीही फुकट. केंद्रकांचे शंभर फोटो घे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ मोज, आलेख काढ. मग आठवड्याने तेच शंभर पुन्हा मोज आणि स्वतःच्याच दोन मोजण्यांत फरक किती येतो ते लिहून ठेव. माझ्याकडे मुलाखतीला येऊन कुणी मला तो फरक सांगितला, तर मी गुणपत्रिका नंतर बघेन. त्याबरोबर पायथॉन किंवा आर यातली संगणकाची एक भाषा, रोज अर्धा तास.

तिसरं, उन्हाळा. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती असते. अर्ज साधारण पावसाळा संपल्यावर निघतात, जाहिरातीवर लक्ष ठेव. अर्जात ‘मला जीवशास्त्राची आवड आहे’ हे वाक्य लिहू नकोस. त्याऐवजी तू काय पाहिलंस आणि कुठे अडलीस, ते लिही.

आणि काय पाहायचं, तर हे. फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीत गुणसूत्रं फुगून प्रचंड झालेली असतात. डीएनएच्या हजारभर प्रती दोरीच्या पेडांसारख्या शेजारीशेजारी राहतात, म्हणून ती कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही पट्ट्यापट्ट्यांची दिसतात. जे जनुक जागं होतं तिथे गुणसूत्र फुगतं, आणि तो फुगवटा डोळ्यांनी दिसतो. १९६२ मध्ये रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाच्या उबदार पेटीचं तापमान चुकून वाढलं आणि त्यांना नेहमीपेक्षा वेगळेच फुगवटे दिसले. उष्णतेने जागी होणारी जनुकं अशी सापडली. त्यातल्याच ९३-डी या एका फुगवट्यावर वाराणसीच्या हिंदू विद्यापीठात सुभाषचंद्र लखोटिया यांनी अनेक दशकं काम केलं. त्या जनुकापासून प्रथिन बनत नाही, नुसता आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवलेली प्रत, बनतो. तो केंद्रकात बारीक ठिपके करून राहतो आणि काही प्रथिनं धरून ठेवतो, हे त्यांच्या गटाने २००० मध्ये मांडलं. केंद्रकाच्या रचनेवरचं हे काम भारतीय विद्यापीठात, माशीवर झालेलं आहे.

तुला लागेल ते एवढंच. जास्त पिकलेली दोन केळी उघड्या बरणीत ठेव. चिलटं येतात त्यांत फळमाश्या असतातच. तोंडाला फडकं बांध. आठवड्याभरात भिंतीवर चढणाऱ्या जाड अळ्या दिसतील, त्याच हव्यात, खालच्या बारक्या नकोत. काचेवर मिठाच्या पाण्याचा थेंब, शंभर भाग पाण्याला पाऊण भाग मीठ. एका सुईने अळीचं शेपूट दाबून धर, दुसरीने तोंडाचा काळा आकडा पकडून सरळ ओढ. दोन पारदर्शक पिशव्या बाहेर येतील, त्यांना चिकटलेली चरबी पिवळट-पांढरी आणि अपारदर्शक असते. पिशव्या तेवढ्या ठेव. गुणसूत्रांना रंग देणारं अ‍ॅसिटो-ऑर्सीन कॉलेजात असतं, त्यात दहा मिनिटं. वर झाकणकाच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब, बाजूला सरकू देऊ नकोस. पहिल्या तीन-चार अळ्या वाया जातात. पट्टे दिसले की काही अळ्या ३७ अंशांच्या पाण्यात बुडवलेल्या बंद नळीत अर्धा तास ठेवून पुन्हा कर, आणि साध्या अळ्यांची काच त्याच दिवशी, त्याच टेबलावर कर. दोन्ही काचांची लेबलं कुणाकडून तरी झाकून घे. दुसरं कुणी नसेल तर बाबांकडून. फुगवटे मोजून झाल्यावर लेबलं उघड आणि चित्रं हाताने काढून मला पाठव.